चेंडू, लाटणं आणि ठणकणारं अंग: घरच्या घरी फॅसिया मोकळा करण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. यवतमाळहून पांढरकवड्याकडे जाताना लागणाऱ्या एका बाजाराच्या गावात आठवड्यातून एक दिवस बसते. पेशंट बहुतेक कास्तकार आणि रोजमजुरीच्या बाया. गेल्या दोन-तीन वर्षांत मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे ‘फॅसिया’ हा शब्द गावात पोचला आणि त्याच्यामागून प्रश्नही आले. तेच इथे उतरवले आहेत, जमेल तिथे विचारणाऱ्यांच्याच बोलीत.

हे फॅसिया म्हणजे असते तरी काय बाप्पा?

अंगातली चिवट झिल्ली. समजावताना सगळे संत्र्याचा दाखला देतात: सालीखालचा पांढरा दोरा, फोडींवरचा पापुद्रा. वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या पट्ट्यात तो चटकन पटतोही. मला मात्र मटणाचा दाखला जास्त बरोबर वाटतो. मटण साफ करताना मांसावरची पांढुरकी, ओलसर झिल्ली ओढून काढावी लागते. सुरी लावली की सरकते, फाटता फाटत नाही. तीच ही. प्रत्येक स्नायूवर असते, स्नायूच्या आत धाग्यांच्या जुड्यांवर असते, आणि तिचे थर एकमेकांवर सरकतात. थरांच्या मध्ये हायलुरोनन नावाचा बुळबुळीत पदार्थ असतो, वंगणासारखा. कमरेत या झिल्लीची जाड, रुंद चादर असते आणि तळपायात टाचेपासून बोटांपर्यंत जाणारी मजबूत पट्टी. तिच्यात मज्जातंतूंची टोकंही आहेत, म्हणून ती दुखू शकते.

चेंडूनं दाबलं का गाठ फुटते म्हणतेत, खरं हाय का?

नाही. हा गैरसमज आधी काढून टाकू, कारण पुढची बरीच दुखापत यातूनच होते.

बोटाला जी ‘गाठ’ लागते तो बहुतेक वेळा आवळून बसलेला, हात लावला तरी कळ मारणारा स्नायूचा पट्टा असतो. अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल नावाच्या डॉक्टर होत्या, राष्ट्राध्यक्ष केनेडींच्याही डॉक्टर. अशा जागांना ‘ट्रिगर पॉइंट’ हे नाव त्यांच्यामुळे जगभर गेलं. त्या जागी नेमकं काय बिघडलेलं असतं, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. झिल्ली दाबून लांब होते म्हणावं, तर २००८ साली छापून आलेल्या एका अभ्यासात गणित मांडून दाखवलं होतं की मांडीवरची किंवा तळपायाची जाड झिल्ली एक टक्का दाबायलासुद्धा माणसाच्या आवाक्याबाहेरचा जोर लागतो.

मग बरं का वाटतं? सोसवेल इतका दाब थोडा वेळ दिला की त्या जागेहून मेंदूकडे जाणारी खबर बदलते आणि मेंदू आवळलेला स्नायू सैल सोडतो. दाबून-हलवून थर थोडे सरकतात, ऊब येते. रडणाऱ्या लेकराला थोपटल्यावर ते निवतं, तसंच काहीसं. थोपटायला जोर लागत नाही, हे ध्यानात असू द्या.

पहिल्यांदा केल्यावर कसं वाटीन?

दाब दिल्यावर पहिले वीस-तीस सेकंद दुखेल. पण ते दुखणं ‘हं, इथंच, इथंच’ म्हणावंसं वाटणारं असतं. मग हळूच ओसरतं, श्वास आपसूक लांब होतो. उठल्यावर तेवढी जागा गरम आणि हलकी लागते.

फरक पडला की नाही हे मनाला विचारू नका, मन पैसे खर्च केले की ‘हो’ म्हणतं. करण्याआधी हात वर करून दाराच्या चौकटीला कुठवर टेकतो ते पाहून ठेवा. केल्यावर पुन्हा पाहा. बोटभर वर गेला तर काम झालं.

दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकेल, हंगामातल्या निंदणाच्या पहिल्या दिवसानंतर ठणकतं तसं. एक-दोन दिवसांत जायला हवं. नाही गेलं तर दाब जास्त झाला होता. आणि काही जणांना काहीच वाटत नाही, चांगलंही नाही नि वाईटही नाही. पंधरा दिवस करून तसंच असेल तर सोडून द्या, तुमच्या दुखण्याचं कारण दुसरं आहे.

आराम किती वेळ टिकते?

व्हिडिओत सांगतात त्यापेक्षा बराच कमी. सांधा मोकळा होतो तो काही मिनिटं ते फार तर अर्धा-एक तास. दुखण्यातला उतार कुणाला रात्रभर पुरतो, कुणाला स्वयंपाक होईपर्यंत. अभ्यासांतही साधारण असंच दिसतं: रोलर किंवा चेंडू फिरवल्यावर लवचिकता थोडी वाढते, कामानंतरचा ठणका थोडा कमी होतो, आणि दोन्ही थोड्या काळापुरतं.

हे सांगितलं की पेशंटचं तोंड उतरतं. पण उघडलेल्या त्या अर्ध्या तासाचं करायचं काय, यावरच सगळं आहे. बहुतेक जण चेंडू ठेवतात आणि बाजेवर आडवे होतात. नेमकं उलट करा. मोकळं झालेलं अंग तेव्हाच हलवा. बाजेवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. कमरेवर हात ठेवून सावकाश मागे झुका, दहा वेळा. भिंतीला तळवे लावून भिंत ढकलल्यासारखं करा, दहा वेळा. दुखत होतं म्हणून जी हालचाल महिनोन् महिने टाळली, ती आता करून मेंदूला दाखवायची की बघ, काही तुटलं नाही. जुन्या कंबरदुखीवर महिने टिकणारा फरक व्यायामाने पडतो. चेंडू त्या व्यायामाची वाट मोकळी करून देतो, इतकंच त्याचं काम. पाच मिनिटं दाबणं, दहा मिनिटं हालणं, असा हिशेब धरा.

चेंडू कोणता घ्यायचा? अन् दाबायचं किती?

टेनिसचा बॉल, तोही पोरांनी खेळून जुना केलेला. कातडी क्रिकेट बॉल घेऊ नका. हे अनुभवाने सांगते. कॉलेज संपल्या संपल्या मला वाटायचं की जितकं दुखेल तितकं चांगलं. एका रात्री कुल्ल्याखाली कातडी बॉल घेऊन दहा मिनिटं त्यावर सगळं वजन टाकून बसले. तिथून पायाची मोठी नस, म्हणजे मज्जातंतू, जाते, हे पेपरात लिहून मार्क घेतलेले होते! तीन दिवस पाऊल बधिर होतं आणि चप्पल पायातून निसटली तरी कळत नव्हतं.

मापासाठी म्हाताऱ्या माणसांना मी आण्यांचा हिशेब देते: सोळा आणे म्हणजे सोसवणार नाही इतकं दुखणं, तर तुमचं सहा आण्यांपुढे जाता कामा नये. श्वास रोखला गेला, दात आवळले, तर झालंच जास्त. एका जागी तीस ते साठ सेकंद, अशा तीन-चार जागा, दिवसातून एक-दोनदा. हाडावर, मणक्यांच्या रांगेवर, गुडघ्यामागच्या खळगीत आणि जांघेत दाबायचं नाही. मुंग्या किंवा करंट आल्यासारखं वाटलं की लगेच जागा सोडा. ती नस आहे.

लाटणं मांडी-पोटरीसाठी उत्तम. बाजारातला फोम रोलर चांगलाच असतो, पण त्यावाचून अडत नाही. पाइपाच्या तुकड्यावर जाड दुपट्टा गुंडाळला की तेच काम होतं.

पाठीला आपला हातच पोचत नाही, मग कसं करावं?

मागच्या कापूस वेचणीच्या दिवसांत एक काकू आल्या. उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली सतत कळ. वेचणीत दिवसभर वाकून हात पुढे, आणि कमरेला बांधलेली ओटी जसजशी भरते तशी पुढे ओढते. पुढे जाणारं ते वजन पाठ मागून धरून ठेवते, सकाळपासून सांजेपर्यंत. मी त्यांना भिंत आणि चेंडू दाखवला. पुढच्या आठवड्यात म्हणाल्या, ‘मॅडम, तो चेंडू भितीवर राहातच नाही. घसरते, नातू उचलून देते. तिसऱ्या खेपेले तर तो घेऊनच पयाला.’

मग आम्ही नातवाचाच शाळेचा जुना मोजा घेतला. चेंडू मोज्याच्या पंजात. मोज्याचं तोंड खांद्यावरून पुढे घेऊन हातात घट्ट धरायचं, चेंडू पाठीमागे लोंबतो. तो मणका आणि फऱ्याच्या मधल्या मांसल जागेवर आणायचा आणि ओसरीच्या भिंतीला टेकायचं. पावलं भिंतीपासून वीतभर पुढे, गुडघे थोडे वाकलेले. जोर हवा असेल तर पावलं आणखी पुढे, नको असेल तर मागे. मग गुडघ्यात हलकेच खाली-वर. दुखरी जागा सापडली की थांबायचं, तीन-चार लांब श्वास घ्यायचे, आणि त्याच बाजूचा हात हळूहळू वर न्यायचा, पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, वरचं बोंड तोडतो तसा. काकू हे शिकल्या ते मोज्यामुळे, माझ्यामुळे नाही.

कमरेसाठी जमिनीवर झोपून चेंडू घेऊ नका, तिथे वजन फार पडतं. भिंतीशीच करा.

सकाळी पहिलं पाऊल टेकवलं का टाच अशी कळते का इचारू नका.

ही तळपायाच्या त्या पट्टीची तक्रार. झोपेतून उठल्यावर पहिली काही पावलं वाईट, मग बरं, दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी परत. उठण्याआधी बाजेवरच बसून पायाचा अंगठा हाताने वर ओढून धरा, दहा-दहा सेकंद, दहा वेळा. मग तळपायाखाली चेंडू किंवा लाटणं, दोन मिनिटं. शेजारी फ्रीज असेल तर पाण्याची बाटली बर्फ करून तीच फिरवा. मधुमेह असेल तर बर्फ नको.

पण मुख्य औषध वेगळंच आहे. ओट्याच्या पायरीवर पंजा ठेवा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, टाच हवेत. भिंतीला हात लावून तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. एका दमात बारा, एक दिवसाआड. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात नुसत्या ताणण्यापेक्षा याने तीन महिन्यांनी जास्त फरक दिसला. बऱ्याच जणांची टाच सहा महिने ते वर्षभरात शांत होते, तेवढा धीर धरावा लागतो. आणि ती झिजलेली, पापडासारखी पातळ स्लीपर फेका. घरातसुद्धा थोड्या उंच टाचेची, मऊ चप्पल घाला.

रात्री पोटरीत गोळा येते, तेव्हा लाटणं फिरवावं का?

गोळा आलेला असताना नाही. तेव्हा पाय सरळ करून पंजा आपल्याकडे ओढा, सुटतो. लाटणं झोपायच्या आधी, हलक्या हाताने.

मानेले चेंडू चालते का?

मानेच्या मागे कवटीखाली दोन्ही हातांची बोटं ठेवून हलकं दाबा, बस. गळ्याच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाला काहीही लावू नका, तिथून मेंदूला रक्त नेणाऱ्या रोहिण्या जातात. सलूनमध्ये कटकन मान मोडून घेणारेही बरेच आहेत. मी तरी कुणाला करू देणार नाही.

तेल लावून करावं का?

हाताने चोळायचं तर तिळाचं, जवसाचं, घरात असेल ते लावा. हात सरकायला लागतं म्हणून. तेल झिल्लीपर्यंत मुरत नाही. चेंडूला तेल लावलंत तर तो पुन्हा नातवाकडे जाईल.

आमच्या गावात पायाळू माणसाची लात घेतली का उसण जाते. मग हे कायले?

पायाळूच्या लाथेने उसण गेलेली मीही पाहिली आहे. अचानक भरलेली उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपणहून उतरते, श्रेय शेवटी जो भेटला त्याला जातं. हलका पाय लावून घ्यायला माझी ना नाही. नातवाला पाठीवर उभं करणं मात्र साठीपुढच्या माणसांनी बंद करावं. हाडं ठिसूळ झाली असतील तर मणका दबतो, आणि पाळी गेलेल्या बायांत हे बरंच दिसतं. बिनलेबलच्या पुड्यांनी ‘सांधे एकदम मोकळे’ झालेल्यांनी तर जास्तच जपावं. अशा पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइड असतं, आणि वर्षानुवर्षं घेतलं की ते हाडं पोखरतं.

कोणी अजिबात करू नये?

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर तिला हातही लावू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. फुगलेल्या निळ्या शिरांवर नको. मधुमेहाने तळपाय बधिर असेल तर चेंडू नको, कारण जास्त दाबलं तरी कळत नाही. कॅन्सर असेल, जखम किंवा गळू असेल, नुकतं हाड मोडलं असेल तर नको. गरोदर बाईने आधी डॉक्टरांना विचारावं.

आता आपल्या भागाच्या तीन गोष्टी.

सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, या पट्ट्यात तो घरोघर ऐकू येतो. सिकलसेलच्या पेशंटचे हातपाय, पाठ, छाती अचानक भयंकर दुखायला लागले तर तो स्नायूचा आवळा नसतो. वाकड्या झालेल्या लाल पेशी रक्ताची वाट अडवतात, त्याची ती कळ असते. ती दाबून जात नाही. भरपूर पाणी, पांघरूण आणि दवाखाना. छाती दुखून दम लागत असेल तर रात्र असली तरी थांबू नका. अशाच पेशंटची जांघ दुखत राहिली, चाल लंगडी झाली तर खुब्याचा फोटो काढा. तिथलं हाड रक्ताअभावी मरू लागलेलं असू शकतं. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीमही चालू आहे. तरण्या पोराचं अंग वारंवार दुखत असेल तर चेंडूआधी रक्ताची ही एक तपासणी करा.

दुसरी, ताप. पावसाळ्यात आणि त्यानंतर ताप आणि अंगदुखी एकत्र आली तर ते आजाराचं अंगदुखणं समजा: डेंग्यू, चिकनगुनिया, किंवा स्क्रब टायफस. २०१८ साली स्क्रब टायफसने नागपूर आणि आसपास बरीच धावपळ उडवली होती. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने तो होतो. काखेत, जांघेत, कमरेच्या नाड्याखाली काळी खपली दिसते का ते पाहा. वेळेत कळला तर औषध साधं आहे.

तिसरी, फवारणी. पंपात सोळा लिटर पाणी म्हणजे सोळा किलो, वर पंपाचं वजन. खांदे भरून येणारच, त्याला चेंडू चालतो. पण फवारणीनंतर घाम फुटला, डोळ्यांना अंधुक दिसलं, तोंडाला पाणी सुटलं, स्नायू फडफडू लागले तर तो विषाचा परिणाम आहे. कपडे काढा, साबणाने अंघोळ घाला आणि थेट दवाखान्यात न्या. औषधाचा डबा सोबत घ्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ते इथे कुणाला सांगायला नको.

कधी समजावं का आता डॉक्टरले दाखवाच?

लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेच्या मधली जागा बधिर झाली, पाऊल उचलता येईना: त्याच दिवशी. छातीतून डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ: त्याच क्षणी, आणि ‘खांदा आखडला’ म्हणत चोळत बसू नका. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, वजन उतरणं, जुना टीबी: त्याच आठवड्यात. बाकी साधी अंगदुखी तीन-चार आठवड्यांत हलली नाही तर.

अख्खी पाठ लाकडासारखी ताठ होत चालली असेल आणि गावच्या पाण्यात फ्लोराइड असेल, तर पाण्याची तपासणीही करून घ्या. चंद्रपूर-यवतमाळच्या काही गावांत हे दुखणं पाण्यातून येतं.

ते धडधड करणारं मशीन घेऊ का?

मसाज गन म्हणतात ते? ज्याच्या घरी आहे त्याने वापरावं, मांसल जागेवर, हलक्या वेगाने. त्यासाठी पैसे खर्च करू नका.

वेचणीच्या दिवसात रोज केलं तर चालते का?

चालतं. हंगामात रोज, एरवी लागेल तसं. पण दिवसभर तेच ओझं आणि रात्री पाच मिनिटं चेंडू, हा सौदा तोट्याचा आहे. पंपाचे पट्टे आखूड करा, पंप पाठीला चिकटून बसू द्या, लोंबू देऊ नका. ओटी अर्धी झाली की रिकामी करा.

हे शेवटचं सांगणं सोपं, करणं अवघड. मजुरी किलोवर असते, आणि धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, एक फेरी जास्त म्हणजे तेवढा कापूस कमी. ‘ओटी रिकामी कराले जाऊ का वेचू?’ हा प्रश्न मला काकूंनीच विचारला होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते त्यांनीच काढलं. या हंगामात त्यांच्या टोळीने पल्ली, म्हणजे कापूस जमा करायचं कापड, धुऱ्यावर न टाकता पातीच्या मध्यावर टाकली, आणि वेचत पुढे गेल्या की तीही ओढत पुढे नेली. मोज्यातला चेंडू अजून ओसरीतल्या खुंटीला टांगलेला असतो. लागतो, म्हणतात, पण रोज नाही.